चौरसांचा हिशेब : काठीपासून आलेखाच्या कागदापर्यंत

बोरगाव, सौसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात शेताचा आकार विचारला असता तीन काळांची मापे कानावर पडतात. वृद्ध शेतकरी 'दोन औतांची जमीन' म्हणतो. त्याचा मुलगा एकर आणि डिसमिल यांत बोलतो. पटवाऱ्याच्या कागदावर मात्र हेक्टर असते. यांपैकी पहिले माप आणि उरलेली दोन यांच्यात मोठे अंतर आहे. 'औत' हे श्रमाचे माप होय. एका बैलजोडीने हंगामात जेवढी भुई उकरून पेरता येईल तेवढी ती औताची. 'इतक्या पायली बियाण्याची जमीन' हा प्रयोगही त्याच जातीचा. त्यात जमिनीची लांबी नाही, रुंदी नाही, चौकोनही नाही. एकर, गुंठा, बिघा, हेक्टर ही मापे मात्र भुईवर मनातल्या मनात चौकोनी फरश्या अंथरून त्या मोजण्याची आहेत. माणसाने ही फरशी केव्हा आणि कशी अंथरली, तिच्यामुळे कोणाचा न्याय झाला आणि कोणाचा अन्याय, याचा थोडा मागोवा या लेखात घ्यावयाचा आहे.

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात गणिताच्या इतिहासावर लेख, आणि तोही मराठीच्या प्राध्यापकाचा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु मराठी गद्याच्या जुन्या नमुन्यांकडे वळले की हिशेब, वतन आणि जमीन यांपासून सुटका नसते. कृष्णाजी अनंत सभासदांची बखर आपण शिवचरित्रासाठी वाचतो. तिच्यात जमीन मोजण्याच्या काठीचेही वर्णन आहे. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे एक बिघा. एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. पुढच्या काळात वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा असा कोष्टकाचा पाठ रूढ होता. कोष्टक पाठ करताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पांड हा एक काठी रुंद आणि वीस काठ्या लांब असा पट्टा आहे, आणि असे वीस पट्टे शेजारी शेजारी ठेवले की बिघ्याचा चौरस पुरा होतो. बिघा म्हणजे चारशे चौरस काठ्या. वीस विसे चारशे हा पाढा आणि बिघ्याचे क्षेत्रफळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

काठीची लांबी नक्की करण्याला राज्यकारभारात एवढे महत्त्व का असावे, हेही या चौरसातूनच कळते. समजा, मोजणीदाराने हातचलाखी करून काठी एक दशांशाने आखूड केली. सामान्य माणसास वाटेल की हिशेबात दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडेल. पण काठी लांबीलाही लागते आणि रुंदीलाही लागते. आखूड काठीचा चौरस मूळ चौरसाच्या शंभरांत एक्क्याऐंशी भागांइतकाच उरतो. परिणामी पूर्वी जी जमीन शंभर बिघे भरत होती, ती आता कागदावर सुमारे एकशे तेवीस बिघे भरते. जमीन तसूभरही वाढलेली नाही, पीक वाढलेले नाही, आणि सारा मात्र जवळजवळ पावपट चढला. काठीतील लबाडी चौरसात शिरली की अशी फुगते. मुठीची आणि हाताची लांबी राजाज्ञेने बांधून देणे हा म्हणूनच रयतेच्या पोटाचा प्रश्न होता. सभासदांनी काठीचा तपशील नोंदवून ठेवला यात त्यांची कारकुनी दिसते असे कोणी म्हणेल. मला त्यात त्यांची जाण दिसते.

इंग्रजी अमलात काठी गेली आणि साखळी आली. मूळ विलायती साखळी एडमंड गुंटर यांनी १६२० च्या सुमारास प्रचारात आणली. ती ६६ फुटांची, आणि तिच्या दहा चौरसांचा एक एकर. मुंबई इलाख्यात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी सुरू केली, तिच्यात ३३ फुटांची, म्हणजे निम्मी साखळी वापरात आली. या साखळीचे भाग सोळा, आणि नाव आणे. म्हणजे रुपयाचीच विभागणी. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद असा एक चौरस म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. मध्यप्रांतात मात्र एकराचे शंभर भाग करण्याची रीत बसली, आणि त्यातूनच 'डिसमिल' हा शब्द आपल्याकडे रुळला. एक डिसमिल म्हणजे ४३५.६ चौरस फूट. महाराष्ट्रातील सोयरे गुंठ्यांत बोलतात आणि आपण डिसमिलांत, याचे मूळ दोन प्रांतांच्या दोन दप्तरांत आहे. पुढे दशमान पद्धतीने दहा मीटर औरस-चौरस असा 'आर' आणला. तो जुन्या गुंठ्याच्या इतका जवळ आहे की (एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर) व्यवहारात कित्येक जण दोहोंना एकच मानून चालतात.

आता थोडे मागे जाऊ. लांबीला रुंदीने गुणले की क्षेत्रफळ येते, हे सूत्र शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. पण गुणल्याने क्षेत्रफळ का यावे, याचे उत्तर सूत्रात नाही. ते फरश्यांत आहे. सहा हात रुंद आणि आठ हात लांब असा आयत भास्कराचार्यांनी 'लीलावती'त उदाहरणादाखल घेतला आहे. हातहात अंतरावर उभ्या-आडव्या रेषा ओढा. एका ओळीत आठ कोष्ठ, अशा ओळी सहा, एकूण अठ्ठेचाळीस. गुणाकार हा या कोष्ठांच्या मोजणीचा आखूड रस्ता, इतकेच. क्षेत्रफळ म्हणजे समान कोष्ठांची संख्या, ही कल्पना आपल्या टीकापरंपरेत जिवंत होती. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. तिचे वैशिष्ट्य असे की ते नियम देऊन थांबत नाहीत, उपपत्ती सांगतात. वर्तुळाचे क्षेत्रफळ समजावताना त्यांनी वर्तुळाचे दोन अर्ध केले, त्यांचे अनेक सुईसारखे टोकदार तुकडे पाडले, आणि ते एकमेकांत बसवून त्यांचा आयत घडवला. गोल वस्तूलाही चौकोनात आणून मोजण्याचा हा मार्ग पाहिला की सोळाव्या शतकातील त्या कोकणस्थ ज्योतिष्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

याहून मार्मिक भाग भास्कराचार्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. 'लीलावती' ११५० मधील. तिच्या क्षेत्रव्यवहारात ते अशा चतुर्भुजाचा विचार करतात, ज्याच्या चारही बाजू पंचवीस-पंचवीस आहेत. बाजू ठरल्या, म्हणजे क्षेत्रफळही ठरले, असे वाटणे स्वाभाविक आहे. आचार्य म्हणतात, तसे नाही. एक कर्ण तीस धरला तर दुसरा चाळीस येतो, आणि क्षेत्रफळ सहाशे. एक कर्ण चौदा धरला तर दुसरा अठ्ठेचाळीस, आणि क्षेत्रफळ केवळ तीनशे छत्तीस. कोन काटकोन केले तर चौरस होतो आणि क्षेत्रफळ सहाशे पंचवीस. तिन्ही आकृत्यांची परिमिती शंभरच. म्हणजे चार काठ्यांची चौकट तीच, पण ती दाबून चेपटी केली की आतली जागा निम्म्यावर येते. म्हणूनच, कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या बाजूंवरून चतुर्भुजाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्यास, आणि त्याहून अधिक, त्याचे उत्तर देऊ पाहणाऱ्यास, आचार्यांनी पिशाच म्हटले आहे. एवढ्या मोठ्या पंडिताचा हा त्रागा वाचून हसू येते. परंतु असा प्रश्न विचारणारे आणि त्याचे उत्तर देणारे त्यांना बरेच भेटले असावेत असा तर्क करण्यास हरकत नाही.

भास्कराचार्यांचे नाव मराठी भूमीशी जोडणारा पुरावा चाळीसगावजवळ पाटण येथील शिलालेखात आहे. त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण यांच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी तेथे मठ स्थापन केला, आणि त्या मठास १२०७ मध्ये दान दिल्याचे हा लेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे, पण मठाला कोणत्या मालावर किती हक्क मिळावयाचा हा शेवटचा तपशील जुन्या मराठीत कोरलेला आहे. व्यवहाराचा हिशेब लोकांना कळावा म्हणून तो लोकभाषेत, हा विवेक आठ शतकांपूर्वीचा आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्या दगडावर गणित आणि मराठी शेजारी शेजारी बसलेली दिसतात.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत केवळ आपल्याकडचीच नाही. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस यांनी मेगालोपोलिस आणि स्पार्टा या दोन नगरांचा दाखला दिला आहे. पहिल्याचा घेर पन्नास स्टेडिया, दुसऱ्याचा अठ्ठेचाळीस. तरीही दुसरे नगर दुपटीने मोठे, हे सांगितले तर लोकांचा विश्वास बसत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. पाचव्या शतकातील प्रॉक्लस यांनी युक्लिडवरील टीकेत याहून कडू गोष्ट नोंदवली आहे. जमिनीची वाटणी करताना काही जण जास्त घेराचा, पण कमी क्षेत्रफळाचा तुकडा दुसऱ्याच्या गळ्यात मारीत, आणि वर उदार म्हणून मिरवीत. घेर डोळ्यांना दिसतो, चालून मोजता येतो. आतली जागा मात्र हिशेबाशिवाय हाती लागत नाही. लबाडाला एवढी फट पुरते.

हे सारे समजण्यास छत्तीस चौकोनी तुकडे पुरेत. पुठ्ठ्याचे असोत, लाकडाचे असोत, नव्या घराच्या बांधकामातून उरलेल्या फरशीचे असोत. छत्तीसही तुकड्यांचा एकच पट्टा लावला तर परिमिती चौऱ्याहत्तर येते. दोन ओळींत अठरा-अठरा लावले तर चाळीस. तीन ओळींत तीस. चार ओळींत सव्वीस. आणि सहा-सहाचा चौरस केला की चोवीस. तुकडा एकही वाढला नाही, घटला नाही, घेर मात्र तिपटीहून अधिक आकसला. आता उलट करा. घेर चोवीसच ठेवा आणि आत किती तुकडे मावतात ते पाहा. एक आणि अकराच्या आयतात अकरा, दोन आणि दहाच्या आयतात वीस, मग सत्तावीस, बत्तीस, पस्तीस, आणि शेवटी छत्तीस. या संख्या छत्तीसातून वजा करीत गेल्यास पंचवीस, सोळा, नऊ, चार, एक आणि शून्य उरतात. सगळे वर्ग! ज्या मुलाने हे स्वतः मांडून पाहिले त्याला कोणी 'समान परिमितीच्या आयतांत चौरसाचे क्षेत्रफळ सर्वांत अधिक' हा नियम घोकायला लावण्याची गरज उरत नाही. चौरसापासून आयत जितका ढळला, तितक्याच्या वर्गाइतकी जागा त्याने गमावली, हे त्याच्या पुढ्यातच पडलेले असते.

अशा मांडणीतून गमतीही निघतात. चार-चारच्या चौरसाचे क्षेत्रफळ सोळा आणि परिमितीही सोळाच. तीन-सहाच्या आयताचे क्षेत्रफळ अठरा, परिमितीही अठराच. पूर्ण अंकांत असे दोनच आयत आहेत. पायथागोरसच्या अनुयायांना या दोहोंच्या मध्ये येणारा सतरा अशुभ वाटे, असे प्लूटार्क लिहितात. आपल्या सोंगट्यांच्या पटाची प्रत्येक बाजू तीन आणि आठ घरांची, म्हणजे चोवीस घरे. चारही बाजूंची मिळून शहाण्णव. पाढ्याचे कोडे आजीच्या पटावर आधीच शिवलेले होते.

वैदिक काळातील चितींतही हाच विचार आहे. शुल्बसूत्रांत श्येन, कूर्म अशा निरनिराळ्या आकारांची अग्निचिती सांगितली आहे. विटांचे पाच थर, प्रत्येक थरात दोनशे विटा. आकार पक्ष्याचा असो वा कासवाचा, क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष हेच राखावयाचे. घेर बदलतो आणि क्षेत्रफळ टिकते, याचा यापेक्षा जुना पाठ आपल्या परंपरेत नसेल.

परंतु चितीपेक्षा शेत आपल्याला जवळचे. कापसाच्या चौफुलीचेच पाहा. उभ्या आणि आडव्या ओळींच्या फुलीवर बी टाकले की डवरा दोन्ही दिशांनी फिरतो, आणि निंदणाची मजुरी वाचते. संत्र्याची बागही चौरस पद्धतीनेच लावतात. वीस फुटांवर झाड धरले तर प्रत्येक झाडाच्या वाट्याला चारशे चौरस फुटांची एक फरशी येते, आणि एकरात सुमारे एकशे आठ झाडे बसतात. बागाईतदार हा हिशेब बोटांवर करतो. मात्र वाटणीची वेळ आली की तोच माणूस चौरस विसरतो.

दोनशे मीटर औरस-चौरस असे चार हेक्टरांचे शेत घ्या. चौघे भाऊ. आपल्याकडची सर्वसाधारण रीत अशी की शेताचे चार उभे पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्टा पन्नास मीटर रुंद, दोनशे मीटर लांब. प्रत्येकाला एक हेक्टर मिळाले, न्याय झाला. पण प्रत्येकाच्या कुंपणाचा घेर पाचशे मीटर झाला. त्याच शेताचे चार चौरस केले असते तर घेर चारशेच राहिला असता. आतल्या धुऱ्यांचे पाहिले तर पट्ट्यांच्या वाटणीत ते सहाशे मीटर भरतात, चौरसांच्या वाटणीत चारशे. धुऱ्याखाली गेलेली भुई पिकत नाही, आणि धुऱ्यावरून होणारी भांडणे कोर्टात पिकतात. तरीही पट्ट्यांची रीत मूर्खपणाची आहे असे मी म्हणणार नाही. शेताच्या एका टोकाला रस्ता आणि दुसऱ्या टोकाला नाला असेल, तर प्रत्येकाला दोहोंचा लाभ पट्ट्यातच मिळतो; वरची बरड आणि खालची काळी जमीनही सर्वांना सारखी वाटली जाते. म्हणजे आपल्या पूर्वजांनी अधिक कुंपण पत्करले ते समतेसाठी. वाईट एवढेच की पुढच्या पिढीत तोच पट्टा पुन्हा उभाच चिरला जातो. साडेबारा मीटरच्या पट्टीवर बैलजोडी वळवताना शेजाऱ्याचे पीक तुडवले जाते, तेव्हा भांडण हिश्श्याचे राहिलेले नसते, आकाराचे झालेले असते. वाटणीपत्र करताना एक कागद घेऊन चौकोन कापून पाहण्याइतका धीर घरातील एखाद्या जाणत्याने धरला, तर धुऱ्यावरचे बरेच वैर टळेल असे मला वाटते.

हा धीर शाळेत लागावयास हवा. मुलाच्या हाती वस्तू द्या, मग आकडा द्या, हा विचार आपल्याकडे नवा नाही. गांधीजींची नई तालीम १९३७ मध्ये वर्ध्याला मांडली गेली. वर्धा आपल्यापासून फार दूर नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात परिसरातील साध्या वस्तूंनाच शैक्षणिक साधनांची प्रतिष्ठा मिळाली. आपल्याच राज्यात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमाने 'करून पाहा आणि मग बोला' हा बाणा तीस वर्षे चालवला. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला, याची खंत अनेक शिक्षकांना आजही आहे.

आपल्या भागातील मुलांची आणखी एक अडचण आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले आणि सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी सीमा तीच आहे. घरात मराठी बोलणारे मूल हिंदी शाळेत 'परिमाप' शिकते, नागपूरच्या मावसभावाच्या पुस्तकात तीच गोष्ट 'परिमिती' असते, आणि आजोबा तिला 'घेर' म्हणतात. तीन शब्दांखाली वस्तू एकच आहे हे त्याला कोणी दाखवून दिले नाही, तर ते तिन्ही शब्द पाठ करून तिन्हींना भिते. फरश्या मांडून दाखवणाऱ्याला मात्र हे तिन्ही शब्द एकाच बोटाने दाखवता येतात. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे पाढे ज्या पिढीला येत होते ती आता मावळत आहे. ते पाढे पुस्तकांतून तरी राहावेत ही जबाबदारी ग्रंथालयांवर येते.

वस्तूपासून आकड्याकडे आणि आकड्यापासून नवलाकडे जाणारे मराठी गणिताचे सर्वांत लोभस नाव म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांशी खेळण्याचे वेड मात्र अखंड. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि हेच पुन्हा पुन्हा करीत जावे. शेवटी ६१७४ ही संख्या हाती येते आणि तेथून हलत नाही. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्याकडे करमणुकीचा विषय म्हणून पाहिले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळालीच्या या मास्तरांची ओळख झाली. १९८६ मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या एका संख्यामालिकेला 'डेम्लो' असे विचित्र नाव आहे. डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली म्हणून त्या स्थानकाच्या नावावरून ते पडले. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा वर्ग १२३२१, एक हजार एकशे अकराचा १२३४३२१. अंक डोंगर चढून उतरतात. हा चमत्कार नाही, हे पुन्हा चौरसच सांगतो. अकरा-अकराचा चौरस घेऊन प्रत्येक बाजूवर दहा आणि एक अशी खूण करा. दहा-दहाचा एक मोठा चौरस मिळतो, त्यात शंभर घरे. दहा घरांच्या दोन पट्ट्या. आणि कोपऱ्यात एक घर. एक, दोन, एक. एकशे अकराच्या बाजूवर शंभर, दहा, एक अशा खुणा केल्या की नऊ तुकडे पडतात: दहा हजारांचा एक, हजाराचे दोन, शंभराचे तीन, दहाचे दोन आणि एकाचा एक. शंभराच्या तीन तुकड्यांपैकी एक चौरस आहे आणि दोन लांबट पट्ट्या आहेत. क्षेत्रफळ तिन्हींचे सारखे, परिमिती निराळी. मिलिमीटरच्या आलेख कागदावर हा सबंध चौरस अकरा सेंटिमीटर आणि वर एक मिलिमीटर एवढ्या बाजूचा होतो, आणि एका पानावर सहज मावतो.